अकरा नंबरचं काम

चाकणच्या रस्त्यावरचा ट्रॅफिक जॅम आवडतो असा मला एकच माणूस माहीत आहे. सोपानतात्या. कुरुळीजवळ हमरस्त्याला लागून त्यांचं घर आहे. दुपारी साडेतीनला ते ओट्यावर प्लास्टिकची खुर्ची टाकतात, मांडीवर वही घेतात आणि वाट बघत बसतात. कंपन्यांची शिफ्ट सुटते, कंटेनरमागे कंटेनर थांबू लागतो आणि तात्यांचा चेहरा उजळतो.

"आला," ते म्हणतात. पाहुणा यावा तसं. मग वहीत वेळ लिहितात.

तात्या सरकारकडे तक्रार करायला पुरावा जमवतायत, असं गाव समजतं. मी बातमीदार. मीही बरीच वर्षं तेच समजत होतो.

तात्यांची सगळी नोकरी एका कंपनीच्या तपासणी विभागात गेली. सुट्या भागांवर खडूनं खूण करायची, पास किंवा रिजेक्ट. निवृत्त झाले, पण खडू खिशातच राहिला. लग्नाच्या पंगतीतही ते पदार्थांना क्रम लावतात. मठ्ठा पहिला, जिलबी चौथी. कोणी चहाचा घोट घेऊन "एक नंबर!" म्हणालं की लगेच विचारतात, "मग दोन नंबरला काय धरलंस?" समोरचा गडबडतो. आमच्या भागात दोन नंबरची चौकशी अशी चारचौघांत कोणी करत नाही.

अशा माणसाकडे गावानं यादी सोपवली, यात नवल नाही. केंद्राकडे निधी मागायचा तर गावाला आपली कामं क्रमानं लिहून द्यावी लागतात. वरची दोन-चारच कोणीतरी वाचतं, अशी सर्वांची पक्की समजूत आहे. त्यामुळे ग्रामसभेत भांडण कामांवरून होत नाही, नंबरांवरून होतं. तासभर आरडाओरडा झाला की तात्या उठतात, फळ्यावर खडूनं नंबर टाकतात आणि तेच कायम होतात. त्यांनी स्वतःच्या दारातलं काम वर घेतलेलं आजवर कोणी पाहिलेलं नाही.

पहिला नंबर दरवर्षी उड्डाणपुलाचा. तो झाला की जॅम सुटेल. त्यासाठी सर्वांत जोरात तात्याच बोलतात. शेवटचा, अकरावा नंबर दरवर्षी रस्त्याखालून पायी जाण्याच्या भुयारी मार्गाचा. पायी चालणाऱ्याला आमच्याकडे चेष्टेनं अकरा नंबरच्या गाडीनं आला म्हणतात. "अकरा नंबरच्या गाडीचं काम, मंग ते अकरालाच," असं सरपंच मनीषाताई दरवर्षी म्हणतात आणि सभा दरवर्षी हसते.

यंदा कोणी हसलं नाही.

"तात्या, औंदाच्या फॉर्मात दहाच वळी आल्यात," मनीषाताई म्हणाल्या. "एक काम काढाया लागंल."

दहाव्या नंबरला गावाची स्वागतकमान होती. मागच्या रांगेतली पोरं एकदम उभी राहिली. "कमानीला हात लावायचा न्हाई हां, तात्या. आधीच सांगून ठिवतो."

"कमान काढू की," मनीषाताई म्हणाल्या. "रस्ता वलांडून माणूस जित्ता ऱ्हायला तर कमानीखालून जाईल ना? तात्या, घ्या तुमचं भुयार दहाला."

मला विचारलं असतं तर मीही तेच सांगितलं असतं. तात्यांनी मान हलवली.

"न्हाई. कमान सगळ्या गावाची हाय. भुयाराचं तोंड माझ्या दारात येतंय. आज घरचं काम वर घेतलं, तर उद्या माझ्या हातात खडू कोण देईल?"

त्यांनी अकराव्या ओळीवर आडवी रेघ मारली. अर्ध्यात खडू मोडला. उरलेल्या तुकड्यानं त्यांनी रेघ पुरी केली आणि खाली बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या ओट्यावर गेलो. ऊन तिरपं झालं होतं. कंपन्यांच्या पत्र्यांवरून परतून ते धुळीत पिवळं पसरलं होतं. मी प्रश्न विचारायच्या आत तात्यांनी बोट वर केलं.

"थांबा. आला."

खरोखरच रस्ता थांबला. आधी हॉर्न, मग नुसती घरघर, मग एकेक इंजिन बंद होत गेलं. ट्रकवर चढवलेल्या नव्याकोऱ्या मोटारी पांढऱ्या प्लास्टिकात गुंडाळून झोपल्यासारख्या दिसत होत्या. कुठल्याशा केबिनमधून गाण्याची बारीक ओळ येत होती. इतक्या मोठ्या रस्त्यावर कावळ्याचं ओरडणं ऐकू आलं.

घरातून तात्यांच्या पत्नी शेवंताकाकू आल्या. हातात पिशवी, पायात बूट. गुडघे गेल्यापासून त्या पावलापावलानं चालतात. धावत्या रस्त्यात उतरणं त्यांना शक्य नाही.

"चहा झाकून ठिवलाय, भाऊ. तुमी दोघं घ्या. मला आज टाइम न्हाई."

"आज गडबड नको करू," तात्या म्हणाले. "पार मोशीपर्यंत तुंबलंय. निवांत जा."

पलीकडे टायरच्या दुकानामागे काकूंच्या जुन्या मैत्रिणीचं, रशिदाभाभींचं घर आहे. रस्ता लहान होता तेव्हा या दोघींची दारं समोरासमोर होती. आजही आहेत. रिक्षानं जायचं तर लांबच्या चौकातून वळसा पडतो आणि रिक्षा जॅममध्ये अडकते.

काकू दोन कंटेनरच्या मधून शिरल्या. एका ड्रायव्हरनं "आराम से, अम्मा" म्हणत आरसा मिटून घेतला. दुभाजकाच्या फटीपाशी त्या थोड्या टेकल्या आणि पुन्हा निघाल्या. तात्या खुर्चीतून अर्धवट उठले होते, तसेच राहिले. पलीकडून भाभींचा आवाज आला, "शेवंता, आज उशीर केलास गं!" मग तात्या बसले आणि त्यांनी वहीत लिहिलं.

मी वाकून पाहिलं. पानभर तीन रकाने होते. आला. पोचली. सुटला.

"अन् परत कशा येतात?"

"सहाच्या जॅमला," तात्या म्हणाले.

चहा गार होत होता. मी झाकण काढून दोन कप भरले. तात्या बोलले, रस्त्यावरची नजर न काढता.

"उड्डाणपूल कदी व्हईल हो, भाऊ?"

"पहिल्या नंबरला असला तरी वेळ लागेल, तात्या. बरीच वर्षं."

पुढे कुठंतरी एक इंजिन सुरू झालं. मग दुसरं. तात्यांनी घड्याळ पाहिलं, वेळ लिहिली आणि वही मिटली.

"लागू द्या," ते म्हणाले. "घाई न्हाई."