निरंजनचा प्रोग्रॅम आणि दादासाहेबांचा खोंड

नाइट शिफ्ट करून आकुर्डीला घरी आला की झोपण्याआधी निरंजन बायकोला हाक मारायचा, "स्वरूपा, ओटीपी!"

शेअर्सचं खातं तिच्या नावावर, म्हणून ओटीपी तिच्या मोबाइलवर. तो लॅपटॉपमध्ये टाकला की निरंजनने स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम खरेदी-विक्रीला लागायचा आणि निरंजन घोरायला. दुपारी उठून बघावं तर फायदा! फायद्याच्या आकड्याखाली काय लिहिलंय, हे बघायची त्याला कधी गरजच वाटली नाही. तसा कंपनीत तो इन्स्पेक्शनला होता. पार्ट कुठल्या मशीनवरून आला हे विचारल्याशिवाय पुढे सोडायचा नाही.

कँटीनमध्ये त्याने प्रोग्रॅमचं इतकं कौतुक केलं की ते इनचार्ज दादासाहेबांच्या कानावर गेलं. दादासाहेब चाकणकडचे, बैलगाडा शर्यतीचे शौकीन.

"त्ये मला बी बसवून दे," ते म्हणाले. "तुज्या जनरल शिफ्टचं मी बघतो."

जनरल शिफ्ट! रात्री स्वतःच्या घरात झोपायचं! निरंजनने त्याच रविवारी त्यांच्या खात्याला प्रोग्रॅम जोडून दिला.

पुढच्याच आठवड्यात भरदुपारी दादासाहेब दारात उभे.

"निरंजन्या, ऊठ! शर्यतीच्या खोंडासाठी ठेवल्याले पैसे व्हते. शिंगांपासून पोटापर्यंत अर्धा खोंड बुडाला की रं!"

"पण सर, आमच्याकडे तर तो फायदाच देतो!"

"मंग माज्यावरच खुन्नस हाय व्हय त्याची? तुला आता जल्मभर नाइटच देतो!"

निरंजनचं तोंड उतरलं. मेथी निवडत बसलेल्या स्वरूपाने मान वर केली. "निरंजन, प्रोग्रॅमला नक्की सांगितलंयस काय?"

"खात्यात एखादी ऑर्डर चालू आहे का बघायचं. असेल तर गप्प बसायचं, नसेल तर नवी टाकायची. डबल खरेदी व्हायला नको ना!"

"ऑर्डर कोणाची, ते बघतो?"

"कोणाची म्हणजे? आपल्या खात्यात दुसरं कोण..." निरंजन थांबला.

स्वरूपाने मोबाइल पुढे केला. "बाजार उघडला रे उघडला की मी ऑर्डर टाकते. दिवसभर माझी एक तरी चालूच असते. तुझा प्रोग्रॅम ती बघतो आणि गप्प बसतो. त्याने आजवर एकसुद्धा शेअर घेतलेला नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलणारच होते. पण तोवर तू अख्ख्या कंपनीला सांगून बसला होतास!"

दादासाहेबांना उलगडा होईना. "मंग माज्याकडंच का घाण केली त्यानं?"

"भाऊजी, तुमच्याकडे त्याला काम करावं लागलं."

दादासाहेब खुर्चीत टेकले. मेथीची एक जुडी पुढे ओढून निवडायला घेतली. मग अगदी नरमाईने म्हणाले, "वैनी, मला शिकवाल?"

"शिकवते की. पण हा दिवसभर घरात घोरतो. डोकं चालत नाही माझं."

दादासाहेबांनी तिथूनच कंपनीत फोन लावला. "उद्यापास्नं निरंजनला जनरल शिफ्ट. बाजार चालू हाय तवर ह्यो घरी दिसाया नको!"

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन निघताना निरंजनने सवयीने हाक मारली, "स्वरूपा, ओटीपी!"

"आला," आतून उत्तर आलं. "टाकला पण. तू नीघ."