खू अंकलची बारावी तक्रार

माणसाला भाषा मिळाली ती गरज सांगण्यासाठी, आणि कार्यालयं मिळाली ती गरज नीट सांगितलेली नाही हे कळवण्यासाठी. मलेशियातल्या पेराक राज्यातल्या आमच्या गावच्या पाणी कार्यालयात मी अकरा वर्षं टपाल सांभाळतो, तेव्हा हे अनुभवाचे बोल समजावेत.

निवृत्त शिंपी खू तेक लिओंग यांचा नळ कोरडा पडला. त्यांनी ‘नळाला पाणी नाही’ असे अकरा अर्ज केले. अकराही मोघम ठरले. (पाणी नाही म्हणजे किती नाही, याचा उल्लेख नव्हता.) त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे शेजारून बादल्या आणायची त्यांची बायको स्वी लान, दुखऱ्या गुडघ्यानं.

वाचनालयात पंखा होता आणि नळाला पाणीही. मात्र बाटल्या भरायच्या तर तिथल्या वर्गात नाव घालावं लागे. वर्ग जुन्या इंग्रजी नाटकांतल्या अवघड शब्दांचा, शिकवायच्या आरोक्यमेरीबाई. सहा आठवड्यांत खूंनी एकशे चाळीस शब्द पाठ केले. (पैकी घरात भांडण न होता वापरता येण्याजोगे नऊ.)

एका सकाळी स्वी लान बादलीसकट शेजाऱ्यांच्या पायरीवर पडली. खूंनी तिच्या गुडघ्याला बाम चोळला, मग टेबलाशी बसून बारावा अर्ज लिहिला. त्यात पाइपाला त्यांनी ‘परफिडियस’ म्हटलं होतं. म्हणजे विश्वासघातकी, हे मला आरोक्यमेरीबाईंनी मागाहून सांगितलं.

तक्रारी पाहणारी फरीदा अर्ज घेऊन साहेबांकडे गेली.

“सर, ही शिवी तर नाही ना?”

झुल्करनैनसाहेबांनी अर्ज तीनदा वाचला. टेबलावर शब्दकोश ठेवणं त्यांच्या हुद्द्याला शोभणारं नव्हतं.

“शिवी एवढी लांब नसते,” ते म्हणाले. “पाइपाचा रोग दिसतोय. पसरायच्या आत माणसं पाठव.”

चार माणसं गेली. कोपऱ्यावरची चावी आमच्याच माणसानं बंद करून ठेवली होती. ती अर्ध्या मिनिटात उघडली. अहवालात ‘परफिडियसचा समूळ नायनाट केला’ अशी नोंद झाली. त्या दिवशी स्वी लाननं नळाखाली हात धरला, तो बराच वेळ काढलाच नाही.

“एवढं काय लिहिलंत हो?” तिनं विचारलं.

“नळाला पाणी नाही, एवढंच,” खू म्हणाले.

आता वर्गात त्र्याऐंशी जण आहेत. साध्या भाषेतले अर्ज ‘पुरेसे गंभीर नाहीत’ म्हणून आम्ही परत पाठवतो, आणि कामं कशी झपाट्यानं होतात.

साहेबांना तुम्ही हसलात, बरं वाटलं. आता मागच्या खेपेला दवाखान्यात ज्या कागदावर तुम्ही तीन ठिकाणी सही केलीत, त्यात काय लिहिलं होतं तेवढं सांगा.