कपाटातल्या पेशींची शुश्रूषा

"चार दिवस कोणी बेडरूमचं कपाट उघडलं नाही, तर माझी नोकरी टिकली समजा," असं मॅडमनी जेवताना जाहीर केलं आणि त्यातले नवऱ्याचे इस्त्रीचे शर्ट उचलून खुर्चीवर आणून टाकले.

मॅडम म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या संशोधिका. झाडाच्या खोडातून पाणी वर नेणाऱ्या नळ्या कशा घडतात, हा त्यांचा विषय. ऐन मोक्याच्या वेळी प्रयोगशाळेतली पेशी वाढवायची उबदार खोली बंद पडली. दुरुस्तीवाला "बघतो" म्हणून जो गेला तो गेलाच. आणि शुक्रवारी तपासणी समिती येणार. विभागप्रमुखांनी स्वच्छ सांगितलं होतं, "पेशींचे फोटो नसतील, तर तुमच्या नोकरीची मुदतवाढ मी कुठल्या तोंडाने मागू?" म्हणून पेशींच्या सगळ्या बाटल्या घरी आल्या. बेडरूमच्या कपाटात अंधार होता, ऊब होती, आणि कोणाचा जाच नव्हता. असं मॅडमना वाटत होतं.

"यात आहे तरी काय?" नवऱ्याने विचारलं.

"पानातल्या पेशी. त्यांना औषध दिलंय. आता प्रत्येक पेशी आपल्या भिंतीवर आतल्या बाजूने जाड वेटोळं चढवेल, स्प्रिंगसारखं. ते कुठून न्यायचं, हे पेशीतले बारीक धागे आखून देतात. त्या रेषेवरच भिंत जाड होते."

"कशासाठी?"

"पाणी वर ओढलं जातं तेव्हा नळी चेपू नये म्हणून."

"आणि मग?"

"मग पेशी मरते. आतलं सगळं आपणच विरघळवून टाकते. उरते ती पोकळ नळी. मेली की काम फत्ते."

"बरं," नवरा म्हणाला. "आणि माझे शर्ट?"

हे संभाषण चाललं होतं तेव्हा सासूबाई गच्चीवर कुंड्यांना पाणी घालत होत्या, आणि पुढचं सगळं रामायण त्यामुळेच झालं. सासूबाईंच्या राज्यात रोपट्याला मरायची परवानगी नव्हती. शेजारपाजारचे लोक वाळलेल्या कुंड्या त्यांच्या दाराशी आणून ठेवत, आणि महिन्याभरात त्या हिरव्यागार होऊन परत जात.

दुसऱ्या दिवशी मॅडम दोन दिवसांसाठी परगावच्या प्रयोगशाळेत निघाल्या. बॅग भरता भरता त्या फोनवर बोलत होत्या. "हो सर, थोड्या मेल्यात. बाकीच्याही मरतील. छे, मी कशाला काही करू? मी मुळीच हात लावणार नाही. मरू दे निवांत."

बाहेर मटार सोलत बसलेल्या सासूबाईंचा हात थांबला. सुनेच्या कामात नाक खुपसायचं नाही, हे त्यांनी तिच्या लग्नातच ठरवलं होतं. पण हे काम नव्हतं, हा जीव होता. सून रिक्षात बसली आणि सासूबाईंनी कपाट उघडलं.

दोन दिवसांनी संध्याकाळी मॅडम परतल्या आणि चप्पलही न काढता कपाटाशी गेल्या. कपाटात नवऱ्याचे शर्ट ओळीने लटकत होते.

"आई, बाटल्या कुठेत?"

"खिडकीत ठेवल्यात. अंधारात कुबट वास येत होता त्यांना. ये, बघ, काय तरतरी आलीय!"

खिडकीत बाटल्या उतरत्या उन्हाला बसल्या होत्या. पाणी ताकासारखं गढूळ झालं होतं आणि वर कापसाचे पुंजके तरंगत होते.

"तुम्ही झाकणं उघडलीत?"

"उघडल्याशिवाय साखरपाणी कसं देणार? आणि चिमूटभर खत. माझ्या गुलाबाचं. ते बघ, पांढरं पांढरं कसं फुटलंय."

"आई, ती बुरशी आहे."

"असेना. जिवंत आहे ना?"

मॅडम मटकन पलंगावर बसल्या. "अहो, त्या मरायलाच हव्या होत्या! किती महिने खपलेय मी त्या नीट मराव्यात म्हणून."

"हे असलं शिक्षण मी कुठे ऐकलं नाही," सासूबाई म्हणाल्या. "मरायला टाकलेल्या जिवाला घोटभर साखरपाणी दिलं, एवढाच माझा गुन्हा."

मॅडमनी नवऱ्याकडे पाहिलं. "तुला तर सगळं माहीत होतं."

"मला वाटलं, तूच आईला सांगून गेलीस." नवरा शर्टांकडे बघत बोलत होता, म्हणजे खोटं बोलत होता.

"एकीचं मात्र काही करता आलं नाही," सासूबाई हळहळल्या. "तिचं झाकण काही केल्या निघेना. मनगट धरलं माझं. शेवटी तशीच ठेवली कपाटात, मागे. बिचारी गेली असेल आता."

मॅडमनी शर्ट दोन्ही हातांनी बाजूला सारले. मागच्या कोपऱ्यात एक बाटली होती. पाणी नितळ, झाकण घट्ट. त्या क्षणी सासूबाईंच्या दुखऱ्या मनगटाला मिठी मारावी असं त्यांना वाटलं, पण राग अजून उतरला नव्हता.

शुक्रवारी पडद्यावर फोटो झळकले. पेशी रीतसर मेल्या होत्या आणि प्रत्येकीच्या भिंतीवर रेखीव वेटोळी उमटली होती. समितीतल्या एका बाईंनी विचारलं, "एकाच बाटलीतल्या का?"

"बाकीच्यांची फार काळजी घेतली गेली," मॅडम म्हणाल्या.

विभागप्रमुखांनी समजल्यासारखी मान हलवली. मुदतवाढ मिळाली.

इतकं रामायण झाल्यावर आपल्याला ते बघायला मिळालंच पाहिजे, असा सासूबाईंनी हट्ट धरला. सोमवारी त्या प्रयोगशाळेत आल्या, चष्मा कपाळावर सरकवला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"किती नेटकं केलंय गं," त्या हळूच म्हणाल्या. "आणि एवढं करून मेली?"

"हो. मेली म्हणून तर तिच्यातून पाणी जातं."

"म्हणजे आधी राबून भिंती धड करायच्या, मग स्वतःच्या आत काही म्हणून ठेवायचं नाही, आणि सगळं घर आपल्या जिवावर हिरवं."

मॅडमना भरून आलं. इतक्या वर्षांत घरात कोणाला तरी आपला विषय कळला होता. "अगदी बरोबर, आई. हेच शोधतोय आम्ही."

सासूबाईंनी चष्मा नाकावर ओढला. "यासाठी एवढं मोठं यंत्र घेतलंत? घरी मला विचारायचं की."