मोहखेड्याला पाणी नाही

निलगिरीच्या अल्बममधला बाविसावा फोटो दाखवून झाल्यावर सुधाकररावांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "ही पत्ती थेट मळ्यातली आहे, हेमचंद्र. तुमच्या बोथच्या दुकानात मिळतो तो भुसा नव्हे."

दूध हेमचंद्रांचं, साखर हेमचंद्रांची, आणि चहा केला होता त्यांच्याच बायकोने. पण पत्ती साडूची होती, म्हणून त्यांनी आणखी एक घोट घेतला. सुधाकरराव हैदराबादेत विम्याच्या कंपनीत साहेब होते. दर दिवाळीला बायकोला घेऊन ते बोथला मेहुणीकडे यायचे आणि चार दिवस बोथची कीव करून जायचे. या वर्षी अल्बमसोबत त्यांनी एक टाइप केलेला अर्जही आणला होता. हेमचंद्र मंडल कचेरीत गिरदावर, म्हणजे महसूल निरीक्षक होते, आणि हैदराबादेला बदली मिळावी म्हणून हा त्यांचाच अर्ज होता. खाली फक्त सही बाकी होती.

"पद्मजाला किती वर्षं डांबून ठेवणार इथं?" सुधाकरराव म्हणाले. "कापूस आणि धूळ सोडून इथं आहे तरी काय? हे बघा, हे धबधबे. पेपरात नाहीत, नकाशात नाहीत. चहाच्या मळ्यांतून दोन तास चालत जावं लागतं. आहे असं काही तुमच्याकडे?"

"हाय," हेमचंद्र म्हणाले.

"कुंतलाच्या धबधब्याचं सांगू नका. तिथं सगळेच जातात. मी म्हणतोय अपरिचित."

"अपरिचितच हाय. इतका अपरिचित, का मी बी नाई पाह्यला अजून."

पद्मजाबाई सुपारी कातरत होत्या. त्यांना बोथचा राग नव्हता, पण बहीण जवळ असावी, संध्याकाळी चार दुकानं हिंडावीत, असं त्यांनाही वाटायचं. त्यांनी अर्ज उचलून आपल्या पर्समध्ये टाकला. "उद्या दाखवा धबधबा. नाई दिसला तं सई करा आन् मोकळे व्हा."

"दाखवतो. नाई दिसला तं तिथंच दगडावर बसून सई करतो," हेमचंद्र म्हणाले. चिडल्यावर त्यांच्या मिशीचं उजवं टोक हलायचं, ते आता चांगलंच हलत होतं.

धबधबा आहे हे त्यांना नकाशावरून कळलं होतं. बाजारहत्नूरच्या बाजूला मोहखेडा नावाचं गाव त्यांच्या हद्दीत होतं. नकाशात त्या गावाचा नाला डोंगराच्या ज्या जागेवरून खाली उतरत होता, तिथं पाणी चालत उतरणं शक्यच नव्हतं. त्याला उडीच मारावी लागली असती. अकरा वर्षं हेमचंद्र पिकांची पहाणी करायला मोहखेड्याला जात होते, पण त्यांची पहाणी मारोतराव पाटलाच्या चिंचेपुढे कधी सरकली नव्हती. चिंचेखाली बाज, बाजेवर ज्वारीची भाकर, ठेचा, भरली वांगी. मग डुलकी. जाग आली की मारोतराव शेतांचा एकेक नंबर सांगायचा आणि हेमचंद्र प्रत्येकापुढे 'खुश्की' लिहायचे. खुश्की म्हणजे कचेरीच्या भाषेत कोरडवाहू. सगळ्या गावाची कामं अशीच व्हायची आणि कोणाची काही तक्रार नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाड्याची जीप मोहखेड्यात शिरली. पद्मजाबाईंची बहीण वनमालाताई गुडघे दुखतात म्हणून घरी चकल्यांपाशीच थांबल्या होत्या. हेमचंद्र आणि पद्मजाबाई मागे बसले होते. पुढच्या सीटवर सुधाकरराव होते, डोक्यावर हॅट, गळ्यात कॅमेरा आणि हातात डायरी.

मारोतरावाने एवढंच पाहिलं. पहाणीचे दिवस नाहीत, तरी गिरदावर आला. सोबत हॅटवाला. म्हणजे वरचा साहेब. तपासणी. त्याने घरात शिरून कोणाला तरी काहीतरी सांगितलं आणि हात जोडून बाहेर आला.

"मारोतराव, तुमच्या शिवारात धबधबा हाय म्हनते."

"कोन म्हनते?"

"नकाशा."

"नकाशा निजामाच्या वक्ताचा हाय, साहेब. इथं पानी असतं तं आमी असे राह्यलो असतो काय? प्याले पानी नाई. जनावरं मरून राह्यली. तुमी बसा, वांगी टाकाले सांगतो."

"आज जेवन नाई. पयले डोंगर पाहू."

अकरा वर्षांत गिरदावराने मोहखेड्यात जेवण नाकारल्याची ही पहिलीच वेळ होती. मारोतरावाचा चेहरा उतरला. तो चप्पल घालून पुढे झाला आणि डोंगर सोडून भलत्याच दिशेने चालू लागला. हेमचंद्रांनी नकाशा उघडून सगळ्यांना पुन्हा डोंगराकडे वळवलं.

अर्धा तास चालल्यावर आवाज येऊ लागला. आधी बारीक, मग चांगलाच घुमणारा. बांधावर बयनाबाई नावाची म्हातारी टोपली घेऊन उभी होती. तिला बहुतेक तिथं उभं केलेलंच होतं.

"आजी, हा आवाज कशाचा व्हय?" हेमचंद्रांनी विचारलं.

"कोनता आवाज?"

"हा, घों घों करून राह्यला थो."

"थो वारा."

झाडाचं पान हलत नव्हतं. मारोतराव घाईने मध्ये पडला. "वारा नाई, साहेब. म्हातारीले कमी आयकू येते. पिठाची गिरनी हाय पल्याडच्या गावात."

"पल्याड तर जंगल दिसतंय," सुधाकरराव म्हणाले.

"जंगलातच हाय गिरनी."

"जंगलात दळायला कोण येतं?"

"दिवाळी हाय ना साहेब. लय गर्दी."

सुधाकररावांनी डायरी उघडून काहीतरी लिहिलं. ते पाहून मारोतरावाने पुन्हा हात जोडले. तेवढ्यात पद्मजाबाईंचा पाय एका पाटात गुडघ्यापर्यंत गेला. पाटातून खळखळत पाणी वाहत होतं.

"हे काय?" पद्मजाबाईंनी विचारलं.

"पाऊस पडला असंल राती," मारोतराव म्हणाला.

"एवढ्याच जागी?"

"हव. एवढ्याच."

"आन् अजून वाहून राह्यला?"

"मोठा पडला असंल."

पाटाच्या दोन्ही बाजूंना मिरची होती. हिरवीगार, गुडघाभर. तिच्यामागे कांदा, आणि कांद्यामागे वांगी. हेमचंद्रांनी सवयीने बांधावरचा दगड पाहिला. नंबर अठ्ठेचाळीस. खुश्की. पुढचा एकोणपन्नास. खुश्की. सगळं त्यांच्या स्वतःच्या, वळणदार अक्षरात. कोरडवाहू गावात अकरा वर्षं ताजी वांगी कुठून येत होती, हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच पडला आणि त्याचं उत्तरही लगेच मिळालं. त्यांना तिथूनच मागे फिरावंसं वाटलं. पण पुढे साडू चालत होता आणि बायकोच्या पर्समध्ये अर्ज होता. ते चालत राहिले, आणि मिरच्यांची टोपली घेऊन बयनाबाईही मागोमाग आली.

वळण घेतलं आणि समोर धबधबा आला.

काळ्या कड्यावरून पाणी तीन टप्प्यांत कोसळत होतं. खाली मोठा डोह, डोहात बयनाबाईची म्हैस डोळे मिटून बसलेली, आणि सगळीकडे तुषार. सुधाकररावांनी डायरी मिटली आणि कॅमेरा डोळ्याला लावला. पद्मजाबाई खडकावर बसल्या, पाय पाण्यात सोडले आणि लहान मुलीसारख्या हसल्या. त्यांना तसं हसताना पाहून हेमचंद्रांना इतकं बरं वाटलं की क्षणभर ते खुश्की विसरले.

"मानलं, हेमचंद्र!" सुधाकरराव ओरडले. आवाजामुळे ओरडावंच लागत होतं. "असा निलगिरीतसुद्धा नाही पाहिला! तुम्ही जिंकलात!"

हे वाक्य ऐकायला हेमचंद्र रात्रभर जागे होते. त्यांनी मिशीला हात लावला. पण सुधाकररावांचं बोलणं संपलं नव्हतं.

"पेपरात देतो. फोटो, गावाचं नाव, यायची वाट. आणि खाली तुमचा दुजोरा टाकतो. बोथचे गिरदावर म्हणतात की इथं बारा महिने पाणी असतं. तुमचा दुजोरा असला की संपादक डोळे मिटून छापतो. कलेक्टरसाहेब स्वतः बघायला येतील!"

मारोतराव होता तिथंच खाली बसला. बयनाबाईने टोपली ठेवली आणि हेमचंद्रांच्या जवळ आली. "बापू," ती म्हणाली, "माह्या सासऱ्यानं हातानं खोदला थो पाट. ओलीत लिवलं तं आमी कुटून भरू पानीपट्टी?"

हेमचंद्रांनी म्हातारीकडे पाहिलं, मग धबधब्याकडे, मग साडूच्या कॅमेऱ्याकडे. मिशीचं उजवं टोक हलू लागलं.

"कायचा दुजोरा?" ते गरजले. "सुधाकरराव, मोहखेड्यात धबधबा नाई."

"काय?"

"नाई म्हनतो मी. सरकारी दप्तरात नाई, म्हनजे नाई."

"अहो, मग हे समोर काय आहे?"

"खुश्की."

"तुमच्या मिशीतून गळतंय ते?"

"थे बी खुश्की. अकरा वर्षं माह्या हातानं लिवलं हाय. कलेक्टर येवो का त्याचा बाप येवो, मी हेच सांगीन."

"गिरनी हाय थे," खाली बसूनच मारोतराव म्हणाला.

सुधाकररावांनी हॅट काढली. ती निथळत होती. "ठीक आहे," ते थंडपणे म्हणाले. "धबधबा नाही ना? मग तुम्ही हरलात. दगडावर बसून सही करणार होतात. करा."

हे हेमचंद्रांच्या लक्षातच आलं नव्हतं. ते दगडावर बसले आणि खिशातून पेन काढलं. "हारलो. पद्मजा, आन अर्ज."

पद्मजाबाई जागच्या हलल्या नाहीत. लग्नाला सोळा वर्षं झाली होती. ज्याने जेवू घातलं त्याला होकार देणारा नवरा त्यांना माहीत होता. ओल्या दगडावर बसून, साडूच्या तोंडावर, एका म्हातारीसाठी डोंगराएवढं खोटं छातीठोकपणे बोलणारा हा माणूस त्या आजच पाहत होत्या, आणि त्यांना त्याचा भारी अभिमान वाटला. त्यांनी पर्स उघडली आणि अर्ज काढून मांडीवर पसरला. मग बयनाबाईच्या टोपलीतल्या दोन मुठी ओल्या मिरच्या त्यावर घेतल्या आणि पुडी बांधली.

"पद्मजा! अर्ज आहे तो!"

"भिजला, भाऊजी. आता नाई कामाचा."

"अगं, मी हैदराबादेत दुसरा टाइप करून पाठवतो!"

"पाठवा. इथं मिरच्या लय निंगतात."

"तुला यायचंच नाही का? हा म्हणतो धबधबा नाही, तो म्हणतो पाणी नाही. मग इथं आहे तरी काय?"

पद्मजाबाईंनी पाण्यातले पाय न काढता नवऱ्याकडे पाहिलं, मारोतरावाकडे पाहिलं, हात जोडून उभ्या बयनाबाईकडे पाहिलं.

"काई नाई, भाऊजी!" त्या म्हणाल्या.

धबधब्याच्या आवाजात सुधाकररावांना ते ऐकू गेलं नाही, म्हणून त्यांना ते पुन्हा ओरडून सांगावं लागलं.