सासूबाईंच्या कुलपातलं गुपित

सासूबाईंच्या निवृत्तीला आठवडा उरला असताना जावयानं त्यांच्यासाठी गोळा केलेले सगळे आवाज कॉम्प्युटरवरून कायमचे पुसून टाकले आणि वर खुशीत शीळही घातली.

आवाज जमवले होते बायकोनं. सासूबाई लहान मुलांच्या वॉर्डाच्या हेडसिस्टर. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या नर्सेस, टाके घालताना त्यांच्या हाताला कडकडून चावलेली आणि आता मिशा फुटलेली पोरं, अशा सगळ्यांना गाठून तिनं त्यांचे निरोप रेकॉर्ड केले होते. ते भाऊला पाठवायचे, त्यानं त्यांची फिल्म करायची आणि समारंभात अचानक लावायची, असा बेत. भाऊ म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. राहायला परगावी, आणि सगळं घर त्याला भाऊच म्हणे.

"मेसेजवर टाकते आणि मोकळी होते," बायको म्हणाली.

"आणि आई दिवसभर तुझाच फोन घेऊन बसतात, त्याचं काय?" सासूबाई त्यांच्याकडेच राहत. "हे काम माझ्यावर सोड."

कंपनीच्या कॉम्प्युटरांची राखण करणं ही जावयाची नोकरी. संशय त्याच्या अंगात मुरलेला. काळ्या खिडकीत कमांड टाइप केल्याशिवाय फाइल पाठवल्यासारखं त्याला वाटतच नसे. मागे त्यानं घरातल्या प्रत्येकाच्या नावानं एकेक डिजिटल कुलूप करून ठेवलं होतं. कुलूप कुणीही लावावं. किल्ली मात्र ज्याची त्याच्या कॉम्प्युटरवर, आणि तीही पासवर्डाखाली. जावई म्हणून सगळ्यांनी हा छळ सोसला.

तर त्यानं कमांड लिहिली, कुणाचं कुलूप लावायचं तिथं 'भाऊ' टाइप केलं आणि फाइल रवाना केली. मग मूळ फाइल अशी पुसली की ब्रह्मदेवालाही परत आणता येऊ नये. बायकोच्या फोनमधलेही आवाज काढून टाकले.

संध्याकाळी भाऊचा फोन आला. "दाजी, हे म्हणतंय, ही फाइल तुमच्यासाठी नाहीच."

"पासवर्ड चुकवला असशील."

"अहो, पासवर्ड विचारतच नाहीये! दारातूनच हाकलतंय."

जावयानं तपासलं आणि त्याला दरदरून घाम फुटला. नुसतं 'भाऊ' लिहिलं की तो प्रोग्रॅम यादी वरून चाचपत जाई आणि ज्या नावात 'भाऊ' आधी सापडेल त्याचं कुलूप उचली. भाऊच्या वर एक नाव होतं. "नाव काय घालू?" असं विचारल्यावर सासूबाईंनी मोठ्या कौतुकानं सांगितलेलं: 'भाऊची आई'.

"म्हणजे आता ही फाइल जगात एकटी आईच उघडू शकते?" बायकोनं विचारलं.

"तसं बघितलं तर, हो."

"जिच्यापासून लपवायची, ती."

"पण बाकी कुणाच्या बापाला उघडणार नाही!" तो म्हणाला, आणि हे बोलायला नको होतं हे त्याला लगेच कळलं.

कुलूपबंद फाइल घेऊन तो सासूबाईंच्या खोलीत गेला. त्या युनिफॉर्मला इस्त्री करत होत्या.

"आई, तुमच्या कॉम्प्युटरवर जरा पासवर्ड टाकता? कुलूप तपासायचं होतं."

"कुणी पासवर्ड मागितला तर काय करायचं, जावईबापू?"

"नाही म्हणायचं."

"मागणारा घरचा असला तर?"

"तरी नाही."

"आणि गोडगोड बोलत असला तर?"

"मग तर मुळीच नाही," जावई पडेल आवाजात म्हणाला.

सासूबाईंनी इस्त्री उभी केली. "टाका उसवला की पोरं दडवतात, तेव्हा त्यांचे चेहरे असेच होतात. बोला, काय उसवलंय?"

त्यानं सगळं ओकून टाकलं. सासूबाईंनी त्याला भिंतीकडे तोंड करायला लावून पासवर्ड टाकला आणि फाइल उघडली. पण त्यावर थांबल्या नाहीत. सगळे आवाज शेवटपर्यंत ऐकले. युनिफॉर्मच्याच बाहीनं डोळे पुसले आणि इस्त्री पुन्हा पहिल्यापासून केली.

"मी काहीही ऐकलेलं नाही," त्या म्हणाल्या. "लेकीला सांगा, तुम्हीच खटपट करून उघडलंत. फक्त यात आमची वॉर्डातली मावशी नाही. फरशी पुसता पुसता तिनं निम्मी पोरं हसवून बरी केली."

"गाठतो तिला."

या वेळी त्यानं भाऊचं नाव ई-मेलच्या पत्त्यासकट टाइप केलं आणि देवाचं नाव घ्यावं तसं पुन्हापुन्हा वाचलं. मावशीनंही आढेवेढे घेतले नाहीत. आपला आवाज तिनं थेट भाऊलाच पाठवला, पण इतका उशिरा, की भाऊनं तो न ऐकताच शेवटी जोडून दिला.

समारंभात फिल्म सुरू झाली तशी सासूबाईंनी तोंडावर हात ठेवला. "अगं बाई!" हा उद्गार तर असा निघाला, की पुढच्या रांगेतल्या नर्सेस रडायलाच लागल्या.

"बघ, आईला गंधवार्ताही नव्हती," बायको कुजबुजली. "मानलं तुझ्या कमांडांना."

जावयाची छाती फुगली. एवढ्यात मावशीचा खणखणीत आवाज आला.

"सिस्टर, त्या दिवशी तुम्ही फोनवर म्हणालात ना, जावई येतील आवाज मागायला, पण मला यातलं काही माहीत नाही असंच दाखव? तर मी तसंच दाखवतेय हं! आणि तुमच्या ओरडण्याचा विषय काढू नको म्हणालात, तर तोही काढत नाही."

हॉलमध्ये एकच हशा उसळला. सासूबाई पदरात तोंड लपवून गदगदत होत्या. हसत होत्या की रडत, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. त्या तशाच उठल्या, मागच्या दाराशी उभ्या असलेल्या मावशीकडे गेल्या आणि त्यांनी तिला घट्ट मिठी मारली.

लोक एवढे कशाला हसताहेत, ते मावशीला कळेना. ती सासूबाईंच्या कानाशी लागली.

"सिस्टर, बघा," ती अभिमानानं म्हणाली, "कुण्णाला पत्ता लागू दिला नाही."