तुपातला क्लच

पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी गोपीचंदनं जीपचा क्लच दाबून गिअर टाकला, तेव्हा खालून असा खरखराट झाला की कोठ्यातली गाय दावं तोडून आंधळगावच्या बाजाराकडे निघाली. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. मग त्यानं गाडी गिअरमध्येच ठेवून चावी फिरवली. जीपनं उडी मारली आणि तणसाच्या ढिगात तोंड खुपसून गप्प झाली.

जीप स्वतःची असती तर त्यानं तिला चार शिव्या हासडून विषय संपवला असता. पण ती होती त्याच्या व्याह्यांची, बपेऱ्याच्या मारोतरावांची. मिलिटरीच्या लिलावातून घेतलेली आणि घरातल्या माणसांपेक्षा लाडकी. बपेऱ्याच्या घराचं छप्पर गळतं म्हणून जोराच्या पावसापुरती त्यांनी ती इथं आणून ठेवली होती आणि अधूनमधून चालवत जा म्हणून बजावलं होतं. गोपीचंदनं तिला देवासारखं जपलं. ताडपत्री घातली, रोज पुसली. पण परक्याच्या गाडीला ओरखडा पडला तर काय घ्या, या भीतीनं ती जागची हलवली मात्र नाही.

आणि आता मारोतराव उद्या एसटीनं येणार होते. राखीला माहेरी आलेल्या चंद्रकलेला, म्हणजे गोपीचंदच्या लेकीला, याच जीपमधून सासरी नेणार होते. तिच्या लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं. मारोतरावांचा स्वभाव असा की सुपारी जाड कातरली म्हणून हा गृहस्थ साखरपुड्याच्या पाटावरून उठला होता.

"पोरीले जन्मभर ऐकावं लागीन," गोपीचंद बायकोला म्हणाला. "तुझ्या बापानं गाडी खाल्ली, म्हणतीन."

"गाडी कोणी खाते का जी?" देवकाबाई म्हणाली. "मिस्त्रीले बलवा न. तो जागेश्वर आला आहे सासुरवाडीले."

जागेश्वर चिखल्याला मँगनीजच्या खाणीतल्या ट्रकांवर मिस्त्री होता आणि पोळ्यासाठी गावात आला होता. तो जीपखाली शिरला, बराच वेळ हं-हं करत राहिला आणि बाहेर येऊन त्यानं तंबाखू मळायला घेतली.

"क्लच प्लेट चिकटली, भाऊ. पावसाळाभर गाडी उभी, ओल धरली, गंजली. आता गिअरबॉक्स उतरवा लागते."

"उद्या इवाई येऊन राहिले ना बापा!"

"मंग आजच उतरवू."

गिअरबॉक्स उतरला, पण प्लेट निघेना. जागेश्वरनं हातोडी मारली, रॉकेल ओतलं, खाणीतल्या ठेवणीतल्या शिव्या दिल्या. शेवटी देवकाबाईनं चुलीजवळचा सराटा आणून दिला आणि ज्या सराट्यानं पोळ्या उलटायच्या त्यानं प्लेट कडेकडेनं उचकटली. टण्णकन ती अंगणात पडली तेव्हा गोपीचंदनं हात जोडले. जागेश्वरनं ती घासून पुसून ओट्यावर ठेवली.

"इंजिनाचा सारा जोर हेच थाळी सोसते अन् चाकाले देते," तो म्हणाला. "सकारी येऊन बसवतो. याच्यावर तेलाचा थेंब पडू देजा नोको. नाही त इंजिन बोंबलत राहीन अन् गाडी जागची हलणार नाही."

तेलाचं हे शेवटचं बोलणं एकट्या गोपीचंदनं ऐकलं. देवकाबाई तोवर गाय शोधायला निघून गेली होती. तिनं थाळी जोर सोसते एवढंच ऐकलं होतं.

संध्याकाळी खांदशेकणी झाली. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या बैलांच्या खांद्यांना देवकाबाईनं कोमट तूप आणि हळद चोळली, पळसाच्या पानानं ते शेकले. मग तिची नजर ओट्यावरच्या प्लेटकडे गेली. कडेनं झिजलेली, घासून घासून भुंडी झालेली. सारा जोर सोसते म्हणे बिचारी. घरच्या बैलांना तूप आणि पाहुण्यांच्या गाडीला काहीच नाही, हे तिला बरं वाटेना. तिनं दोन्ही बाजूंना हात भरून तूप-हळद लावली आणि बैलांना म्हणतात तसंच म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

रात्रभरात प्लेटनं ते सगळं तूप पिऊन टाकलं. सकाळी यायचा जागेश्वर दुपारी उगवला, तोही घाईत; सासऱ्याच्या घरी वड्यांचा घाणा पडला होता. त्यानं प्लेट गाडीखाली चाचपडतच बसवली, वर गिअरबॉक्स चढवला, नटबोल्ट आवळले आणि हात न धुताच निघून गेला. गोपीचंदनं क्लच दाबून गिअर टाकला. लोण्यासारखा पडला. कालपासून पहिल्यांदा त्याला भूक लागली.

"गिअर पडते न?" देवकाबाई कौतुकानं म्हणाली. "पडणारच. मी काल त्याले तूप लावून देली."

"कोनाले?"

"त्या थाळीले."

गोपीचंदनं गाडीतून खाली उडी मारली. पुन्हा गिअरबॉक्स उतरवायला जागेश्वरला आणावं म्हणून तो निघाला, तोच दारात आवाज आला, "राम राम, इवाई! कशी आहे आमची गाडी?"

मारोतरावांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. थेट स्टिअरिंगवर बसले, इंजिन सुरू केलं, गिअर टाकला आणि क्लच सोडला. इंजिन बोंबललं. गाडी जागेवर. त्यांनी आणखी रेस दिली. गाडीखालून खमंग धूर येऊ लागला.

"काय तळून राहिले तुमच्याकडे?"

"पु... पुऱ्या," गोपीचंद म्हणाला.

"बैल लावा न, वढू द्या थोडीशी," मारोतराव म्हणाले.

हे ऐकून गल्लीतली माणसं थबकली. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू? वर्षातून एकदा त्याला सुट्टी, ती इवायाच्या जीपसाठी मोडायची? एक म्हातारा कानावर हात ठेवून निघूनच गेला.

"माणसं लावतो जी," गोपीचंद घाईघाईनं म्हणाला आणि सगळ्यात आधी स्वतःच मागून रेटायला लागला. पाचसहा जण धावून आले. गाडी गल्लीच्या तोंडाशी आली. तिथून आखराच्या मैदानापर्यंत उतार होता, आणि आखरावर पोळा भरला होता. झुली पांघरलेले, शिंगं रंगवलेले बैल रांगेनं उभे, समोर आंब्याच्या पानांचं तोरण. तुलाराम पाटलाचा बैल आधी तोरणाखालून जाणार, मग पोळा फुटणार, हा पाटलांचा आजोबांपासूनचा मान.

उताराला मारोतरावांनी पुन्हा रेस दिली. नेमकं त्याच वेळी प्लेटवरचं उरलंसुरलं तूप जळून गेलं आणि क्लचनं पकड धरली. ती अशी धरली, की जीप बाणासारखी सुटली. मारोतरावांनी घाबरून क्लच दाबला. तो तापून पुन्हा चिकटलेला. ब्रेक आठवेना, म्हणून त्यांनी हॉर्न दाबून धरला. माणसं बाजूला पांगली. पाटलाचा बैल तोरणाकडे पहिलं पाऊल टाकणार, तोच जीप त्याच्या नाकापुढून तोरण तोडून पलीकडे गेली आणि धानाच्या बांधीत चिखलात रुतून बंद पडली. मागे बैल उधळले. पोळा फुटला होता.

गोपीचंदला वाटलं, आता धरणीनं पोटात घ्यावं. व्याही गेला, पाटील गेला, लेकीचा संसार गेला. मारोतराव पिंडऱ्यांपर्यंत चिखलात उतरले, गळ्यात तोरण. पाटील काठी टेकत त्यांच्याकडे निघाला.

तेवढ्यात चंद्रकला आरतीचं ताट घेऊन पुढे झाली. पोळा फोडणाऱ्याला ओवाळतात, तर तिनं ओवाळलं. आधी जीपला, मग सासऱ्यांना. डोक्यावरचा पदर चांगला पुढे ओढून.

पाटील थांबला. भर आखरात ओवाळणी चालू असताना काठी कशी उगारायची? "पाहुण्यानं पोळा फोडला," तो दात आवळून म्हणाला. "पाहुण्याचा मान."

मारोतरावांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. बपेऱ्याला त्यांच्या घराण्याला पोळा फोडायचा मान कधीच मिळाला नव्हता. त्यांनी तोरण नीट केलं, छाती पुढे काढली.

"सून पायगुणाची आहे, इवाई!" ते गरजले. "बरसभर लक्ष्मीवानी ठेवतो तिले. चूक झाली तरी सबद बोलणार नाही."

गोपीचंदच्या डोळ्यांत पाणी आलं. देव पावला. लेक सुखात पडली.

"अन् गाडी आता बपेऱ्याले नेत नाही," मारोतराव पुढे म्हणाले. "इथंच राहू द्या तुमच्या कोठ्यात. पुढच्या पोळ्याले पंधरा दिवस आधीच येतो. दोघं मिळून तालीम करू."

दुसऱ्या दिवशी सासरा आणि सून एसटीत बसले. गोपीचंद रुमालानं डोळे पुसत उभा होता. बायका हळहळल्या, "बापाचा जीव किती लेकीत!" जीव लेकीतच होता, खोटं कशाला बोला. पण डोळे भरले होते ते बांधीतली जीप ओढायला जोडलेल्या स्वतःच्या बैलांकडे बघून.