सार्जंटच्या विमानावरचा मळ

यंदाच्या वाढदिवसाला सासरा आपल्याला माणसात घेणार, याबद्दल ड्वेन केसलरच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. सासरा हार्लन व्हिएतनामच्या लढाईत विमानाचा मुख्य मेकॅनिक होता. घरातसुद्धा सगळे त्याला सार्जंटच म्हणत. जावई दातांचा डॉक्टर निघाल्याचं दुःख त्याने लग्नापासून कधी लपवलं नव्हतं.

म्हणून ड्वेनने डेटनच्या घरातल्या तळघरात अख्खा हिवाळा घालवून सार्जंटच्या स्कायरेडर विमानाची वीतभर प्रतिकृती बनवली. कॉकपिटखाली मेकॅनिकचं नाव रंगवायची विमानदलाची रीत. तेही त्याने श्वास रोखून लिहिलं. मग सुरू झालं खरं कसब, म्हणजे विमान मळवणं! इंजिनामागे काजळी, पंखांवर उडालेला रंग, पोटाखाली तेलाचे ओघळ. प्रतिकृती बनवणाऱ्यांच्या क्लबातले म्हातारे भिंग लावून बघत आणि जळून गप्प होत. बायकोने, टॅमीने, एवढंच विचारलं की लोक वस्तू पुसून भेट देतात, हा मळवून का देतोय? तिला कलेतलं काही कळत नाही, असं ड्वेन मनातल्या मनात म्हणाला. मोठ्याने म्हणायची छाती नव्हती.

वाढदिवसाला जेवणं झाली, केक कापला, खोका उघडला. सार्जंटने विमान उलटं करून पाहिलं. त्याचे कान लाल झाले.

"हे तेल कुणी सांडलं?"

"ते... खरं वाटावं म्हणून, सार्जंट."

"अरे, वर माझं नाव आहे! वैमानिक माझ्याकडून विमान उसनं न्यायचे. रोज सकाळी दाढीच्या आधी मी ते पुसायचो. आणि माझ्या नावाखाली हा उकिरडा?"

टॅमीने नवऱ्याकडे बघायचंही टाळलं. उरलेले सगळे नाताळ ड्वेनला याच माणसासमोर बसून काढायचे होते. घाबरलेला माणूस तोंडाला येईल ते बोलतो, तसा तो बोलून गेला.

"सार्जंट, हे तुमच्या पाळीतलं नाहीच. रात्रपाळी सुटली, तेव्हाचं आहे. तुम्ही अजून यायचे आहात."

सार्जंट थबकला. ओघळांवरून त्याने बोट फिरवलं.

"डगनची पाळी," तो हळूच म्हणाला. "अगदी अस्संच सोडून जायचा मेला. इतकी वर्षं घसा फोडून सांगतोय, कुणाला पटत नाही. टॅमी, बघ, तुझ्या नवऱ्याला पटलं!"

ड्वेनचा जीव भांड्यात पडला. पाठीवर सासऱ्याची पहिलीवहिली थाप पडली, ती इतकी सणसणीत की केकचा घास नाकात गेला. मग सार्जंटने बाही वर सारली, बाजूची खुर्ची ओढली आणि त्याला म्हणाला, "चल, बस. आता आपली पाळी. थिनर आण."

दोघं पुसायला बसले. हिवाळाभराची मेहनत बघता बघता फडक्यावर उतरली.

"पंखाखाली राहिलंय," सार्जंट म्हणाला.

राहिलं होतं खरं. ड्वेनने तेही पुसलं. त्याला इतकं हलकं वाटत होतं, की क्लबात काय तोंड दाखवायचं हा विचार त्याने उद्यावर टाकला.